लोणीवालीचे हात

“हातमोजे काढ आधी!” मी माझ्या पिंपातूनच ओरडले. “अगं शहाणे, सगळी गल्ली तुझे हात बघायला निघालीय आणि तूच ते झाकून कुठं चाललीस?”

पेरीन रस्त्याच्या मधोमध थबकली. कुणाकडून तरी उसने आणलेले पांढरे हातमोजे तिने चढवले होते. एका बोटाची शिवण उसवलेली होती. तिने आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अगं जावोत, राजवाड्यात जायचं ना. उघड्या हातांनी कसं जायचं?”

“तुझे हात तुझ्याआधी तिथं जाऊन बसलेत. तेही उघडेच. काढ म्हणते ना!”

बायका खो-खो हसल्या. पेरीनने मोजे काढून कमरेच्या फडक्यात खोचले. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तीस-पस्तिशीची बाई, पण त्या सकाळी लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी दिसत होती. मला तर इतका आनंद झाला होता की हातातला पायमोजा मी उलटाच शिवला आणि तसाच टोपलीत टाकून दिला.

मी जावोत. माझा धंदा पायमोजे रफू करायचा. बाजाराच्या तोंडाशी एक रिकामं पिंप आडोशाला उभं आहे, एका अंगाने कापलेलं, आत बसायला फळी. तेच माझं दुकान. ऊन, वारा, पाऊस, चिखल उडवत जाणाऱ्या गाड्या, सगळ्यांकडे पाठ करून मी तिथं बसते आणि शहरातली भोकं बुजवते. लोकांचे पाय माझ्या ओळखीचे आणि लोकांच्या भानगडीही. माझ्या शेजारी पेरीनचा लोण्याचा ठेला. तिचा नवरा ब्लेझ पाणक्या. दोन बादल्या खांद्यावरच्या काठीला लावून जिने चढतो. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर गल्लीत बातमी होते.

तो दिवस सेंट लुईचा, म्हणजे आमच्या राजाच्या नावाचा सण. एक वर्षाआड या दिवशी लुव्रच्या राजवाड्यातलं मोठं दालन उघडतं. चित्रकार आपापली चित्रं जमिनीपासून छतापर्यंत टांगतात आणि आत जायला कुणालाच मनाई नसते. सरदार जातो, कोळसेवाला जातो, दोघं एकमेकांच्या पायांवर पाय देतात आणि दोघंही माफी मागत नाहीत. आमच्या गल्लीतलं सहसा कुणी जात नाही. कशाला जायचं? आपल्या ओळखीचं तिथं कोण असतं? पण यंदा होतं.

हे सगळं सुरू झालं मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला. मोस्यू व्हारांज नावाचे एक चित्रकार ठेल्यावर लोणी घ्यायला आले. पेरीनने लोण्याचा गोळा उचलला, ओल्या हाताने थापटला, कोबीच्या पानात गुंडाळून पुढे केला. साहेब घेईनात. नुसते बघत राहिले.

“अजून काय हवंय?” तिने विचारलं.

“हात,” ते म्हणाले.

मी पिंपातून डोकं बाहेर काढलं. म्हटलं, आता सुई घेऊन उठावंच लागणार. पण साहेबांच्या चेहऱ्यावर तसला भाव नव्हता. कापड निवडताना शिंपी बघतो तसे ते बघत होते.

आता पेरीनचं रूप सांगायचं तर चेहरा सांगण्यासारखा नाही. लहानपणी देवी आल्या आणि जाताना गालांवर आपल्या खुणा ठेवून गेल्या. पण हात मात्र लोण्यात वाढलेले. आमच्या सगळ्यांचे हात थंडीने फुटतात, चुना त्यांना खातो, सुया भोसकतात. तिचे मात्र गोरे, भरलेले, मऊ. मनगटाशी घडी पडणारे. त्यात एकच खोड होती. उजवी करंगळी वरच्या पेरात बाहेरच्या बाजूला वाकलेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ब्लेझ तापाने पडला, तेव्हा त्याचं पाणी ही वाहायची. एका जिन्यावर बादली निसटली आणि कडीत करंगळी सापडली. तेव्हापासून ते बोट बाकीच्या चौघांशी भांडल्यासारखं जरा लांब उभं असतं.

मोस्यू व्हारांज यांचं काम खडूचं. कुंचला नाही, तेल नाही. रंगीत खडूच्या कांड्या निळसर कागदावर घासायच्या आणि बोटाने पसरवायच्या. सगळा कारभार पावडरीचा. मोठ्या घरच्या बायकांना हल्ली हेच चित्र हवं असतं. तोंडाला पावडर, केसांना पावडर, मग चित्र तरी मागे का राहील? गाल तर असा उतरतो की चिमटा घ्यावासा वाटतो. पण जोरात शिंक आली की गाल गेलाच. म्हणून पुढे काच लावतात आणि चित्र तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर नेतात.

आणि मोठ्या बायका बसतात त्याही फक्त तोंडापुरत्या. दोन-चार बैठकांत त्यांचा चेहरा एका लहान कागदावर उतरवून घ्यायचा, मग तो मोठ्या कागदावर असा चिकटवायचा की सांधा दिसता कामा नये. खांदे, दंड, हात, रेशमी झगा, यांसाठी कोण बसणार? तासन्‌तास अंग आखडून घ्यायला सरदारणींना वेळ कुठला? तेव्हा चेहरा मालकिणीचा आणि धड भाड्याचं. हे शहरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

तर मादाम द सेर्व्हिनी यांच्या धडाची जागा आमच्या पेरीनला मिळाली.

सगळा हिवाळा ती दुपारी ठेला आवरून साहेबांच्या घरी जाई. मादामचा निळा झगा अंगावर चढवायचा, खुर्चीत बसायचं, उजवा हात डाव्यावर, मांडीवर मांजर झोपल्यासारखे. हलायचं नाही, खोकायचं नाही. परत आली की माझ्या पिंपाला टेकून सांगत राही.

“जावोत, ते माझ्याकडे बघतच नाहीत गं. म्हणजे माझ्याकडे बघतात, पण माझ्याकडे नाही. आज नुसत्या अंगठ्याच्या नखाला दुपार गेली. आणि तुला सांगते, कागदावर आलं ना ते नख, मला माझंच खरं वाटेना.”

“आणि करंगळी?”

“मी म्हटलं, लपवू का? तर म्हणाले, खबरदार! ती आहे म्हणून हात जिवंत आहे.”

हे सांगताना ती जी हसली, तसं तिला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. माणसाला कुणीतरी नीट बघितलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पण गल्ली ती गल्ली. समोरच्या आतडीवाल्या फांशोनने सुरुवात केली. “हात बघायला सगळा हिवाळा लागतो होय? मला तर एका नजरेत दोन्ही दिसतात!” हसणं पसरलं, मग कुजबुज, मग शांतता. शांतता सगळ्यांत वाईट. पाणवठ्यावर ब्लेझ आला की लोक बोलायचे थांबू लागले. आणि तो घरी भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. हे पेरीनने मला एकदाच सांगितलं, पुन्हा नाही.

खरी आग लावली सासूने. गोतोन म्हातारी ओव्हेर्नच्या डोंगरातली. शेणाच्या शेकोटीवर वाढलेली, जीभ कोयत्यासारखी. मागच्या उन्हाळ्यात लेकाकडे राहायला आली होती. तिने एके सकाळी पेरीनच्या हातची रस्स्याची वाटी बाजूला सारली. “ह्ये हात कुठं कुठं फिरून आल्यात, द्येवाला ठावं. म्या न्हाई खायची.” त्या दिवसापासून तिने आपलं वेगळं मडकं मांडलं. एकाच चुलीवर दोन मडकी. पेरीनने पाव कापून दिला तर ती दुसरा कापून घ्यायची.

आणि उन्हाळा लागला तसं म्हातारीने लेकाला सांगून टाकलं, “म्या गावाला चालले. तू बी चल. दोन गायी हाईत, घर हाय. हिला ऱ्हाऊ दे हितं, तिच्या साह्यबाकडं.” ब्लेझ हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

तेव्हा पेरीन, जी कधी आवाज चढवत नाही, ती ठेल्यामागे उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, “सेंट लुईच्या दिवशी चला लुव्रला. माझे हात तिथं भिंतीवर असतील. करंगळीसकट. तेव्हा ठरवा, मी दुपारी काय करत होते.”

“दिसलं तर खाईन तुझ्या हातचं,” म्हातारी म्हणाली. “न्हाई दिसलं तर दुसऱ्या दिशी माझा ल्योक माझ्यासंगं.”

असा तो सौदा होता. म्हणून त्या सकाळी मी पिंपावर पोतं टाकलं, बरी टोपी डोक्यावर चढवली आणि वाटेत पुरावी म्हणून पेरीनने बांधलेली शिदोरी हातात घेतली. पाव आणि कोबीच्या पानात लोणी. निघालो. मासेवाल्या, अंडीवाल्या, फांशोन नटूनथटून, पुढे म्हातारी काठी आपटत, मागे ब्लेझ धुतलेला सदरा घालून, खांद्यावर काठी नाही म्हणून एका अंगाला कलल्यासारखा. रस्त्यात ओळखीचे लोक विचारत, कुठं निघाली फौज? मी प्रत्येकाला सांगत होते. एका गाडीवाल्याला तर त्याने न विचारताच सांगितलं.

राजवाड्याचा जिना चढलो. वर आवाज केवढा! दालनात शिरलो तर भिंत दिसेना, नुसती चित्रं. देव, लढाया, घोडे, फळं, बिशप. खाली माणसांचा रेटा, पावडरीचा आणि घामाचा एकत्र वास. अंडीवाली म्हणाली, “मला चक्कर येतेय,” आणि तोंड उघडं टाकून छताकडे बघत राहिली.

“खडूची चित्रं खिडक्यांसमोरच्या भिंतीवर,” पेरीन पुटपुटली. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की मुंग्या आल्या. “साहेब म्हणाले होते. खाली लावतात, डोळ्यांसमोर.”

मग मी कोपरं वापरली. बाजारात आयुष्य काढलेल्या बाईची कोपरं काय असतात, ते त्या दिवशी दोन सरदारांना आणि एका पाद्र्याला कळलं. “वाट द्या! वाट द्या! घरची माणसं आहेत!” मी ओरडत होते. लोकांनी खरंच वाट दिली. बहुधा त्यांना वाटलं, चित्रातल्या बाईची घरची माणसं.

आणि समोर मादाम द सेर्व्हिनी होत्या.

काय सांगू! ओठ ओले वाटावेत, गाल आत्ताच कुणी थट्टा केल्यासारखा. निळा झगा, त्याच्या चुण्यांवर उजेड. खांदे पेरीनचे, मी लगेच ओळखले. दंड तिचे. कोपरापाशी झालर, झालरीतून बाहेर आलेला हाताचा गोरा भाग मनगटाकडे उतरत येत होता, आणि तिथं...

तिथं एक भलीमोठी काळी फरची गुंडाळी होती. थंडीत मोठ्या घरच्या बायका दोन्ही बाजूंनी हात खुपसून बसतात, तसली. दोन्ही मनगटं तिच्यात गडप.

 मी उगाच चित्राच्या वर बघितलं, खाली बघितलं, जणू हात कुठे सांडले असतील.

“मांडीवर मेलेलं मांजर कुणी ठेवलं?” शेवटी अंडीवाली म्हणाली.

फांशोनने नाक मुरडलं. “ऑगस्टात फर! पेरीन, तुझ्या हातांना फारच थंडी वाजत होती वाटतं.”

म्हातारीने काठी एकदाच आपटली. “चला. बघून झालं.” आणि लेकाची बाही धरली. ब्लेझ आपल्या पायांकडे बघत होता. पेरीनकडे मला बघवेना. ती रडत नव्हती. देवीचे वण एकदम उठून दिसायला लागले होते, एवढंच.

तेवढ्यात खिडकीच्या कडेला मला एक ओळखीचा तपकिरी कोट दिसला. चित्रकारांची ही खोड असते म्हणे, आपल्या चित्राजवळ परक्यासारखं उभं राहायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. मी जाऊन कोटाची बाहीच पकडली.

“मोस्यू व्हारांज! हात कुठं गेले?”

“कोणते हात?” ते दचकले. मग पेरीन दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“लोणीवालीचे! सगळा हिवाळा घेतलेत ते! इथं बाईचा संसार टांगलाय या भिंतीवर, आणि तुम्ही त्यावर मांजर बसवलंत?”

“हळू बोला, बाई.” त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. “मादामच्या सासूबाईंनी चित्र पाहिलं. म्हणाल्या, आमच्या घराण्यात वाकडी करंगळी कुणाची नाही. लोक विचारतील, ही कुठून आली?”

म्हणजे सासवा वाड्यातल्या काय आणि गल्लीतल्या काय!

“मग सरळ करायची होती करंगळी!”

“केली असती, तर हात मेला असता,” ते म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी पेरीनकडे बघून म्हटलं. “मला ते पुसवले नाहीत. वरून काळा खडू दिलाय, हलक्या हाताने. खाली आहेत ते. जसेच्या तसे.”

“माझ्या परसात बी सोन्याचा हंडा पुरलाय,” म्हातारी म्हणाली. “उकरायचा न्हाई, येवढंच.”

 ज्याच्यावर संशय, तोच साक्षीदार.  साहेबांना वाईट वाटत होतं हे खरं; पण त्यांच्या वाईट वाटण्याने ब्लेझची बाही म्हातारीच्या मुठीतून सुटणार नव्हती.

“सगळा हिवाळा बसले मी अशी,” पेरीन म्हणाली.

कुणाला उद्देशून नाही. ती पुढे सरकली, गर्दी थोपवायला लावलेल्या दोरीला अंग टेकून चित्रासमोर उभी राहिली. आणि मग ती बसली. म्हणजे उभीच होती, पण तिचे खांदे खाली आले, मान किंचित कलली, कोपरं अंगापासून सुटी झाली, आणि उजवा हात डाव्यावर आला, काचेपासून वीतभर अंतरावर. एवढ्या दुपारी बसलेलं अंग, ते कसं विसरेल? माझ्या डोळ्यांदेखत आमची लोणीवाली मादाम द सेर्व्हिनी झाली. चेहरा सोडून सगळी.

ब्लेझ तिच्या मागेच होता. उंच माणूस. त्याने सवयीने मान वर केली असेल किंवा शेवटचं बघून घ्यावं म्हणून असेल, तिच्या खांद्यावरून चित्राकडे पाहिलं. आणि तो तसाच उभा राहिला. म्हातारीने बाही ओढली. तो हलला नाही. पुन्हा ओढली.

“आई,” तो म्हणाला. “इकडं ये. माझ्या जागी उभी राहा.”

“कशापायी?”

“उभी राहा म्हणतो ना!”

ब्लेझने आवाज चढवलेला आमच्यापैकी कुणी कधी ऐकला नव्हता. म्हातारी मुकाट्याने त्याच्या जागी गेली. त्याने तिला कमरेला धरून वीतभर वर उचललं, पूर्ण भरलेली बादली उचलावी तसं, जपून.

काच होती ना पुढे. आमच्या पाठीमागे खिडकी, खिडकीतून भर दुपारचा उजेड. गोऱ्या गालावर, निळ्या झग्यावर काचेतलं काही दिसत नाही. पण ती फर काळी कुळकुळीत होती, आणि त्या काळ्यात पेरीनचे हात उमटले होते. चित्रातला दंड खाली उतरत येत होता, झालर संपत होती, मनगट सुरू होत होतं, आणि जिथं ते फरमध्ये बुडत होतं, नेमके तिथून हे हात पुढे आले होते. उजवा डाव्यावर. करंगळी बाकीच्यांपासून जरा लांब, भांडल्यासारखी. कुठं चित्र संपलं आणि कुठं बाई सुरू झाली, ते सांगता येईना.

 म्हातारीने एकदा खरे हात पाहिले, एकदा काचेतले.

“हाय की,” ती म्हणाली. “ब्लेझ, खाली ठेव मला.”

“मला बघू दे! मला!” मी म्हातारीला बाजूला करून घुसले, पाहिलं, आणि मला रडूच फुटलं, मी मोठ्याने रडत होते आणि मोठ्याने हसतही होते. मग अंडीवाली आली, मग मासेवाल्या. प्रत्येकजणी पेरीनच्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची, बघायची आणि किंचाळायची. फांशोन आली. तिने बघितलं, जरा घसा खाकरला, म्हणाली, “करंगळी हुबेहूब आहे.” फांशोनकडून हे म्हणजे गुडघे टेकल्यासारखंच. मागे रांग लागली. रांग दिसली की शहरातला माणूस तिच्यात उभा राहतोच. एक विगवाले गृहस्थ मला विचारायला लागले, “काय आहे हो तिथं?”

“हात.”

“कुणाचे?”

“आमचे!”

त्यांनीही बघितले. काय समजले, देव जाणे, पण टोपी काढली. पेरीन मात्र तशीच उभी. खोकली नाही, हलली नाही. फक्त गाल ओले होत होते आणि ते पुसायला ती हात उचलत नव्हती.

अखेर पहारेकरी आला, भाल्याचा दांडा आपटत. “दोरी सोडा! मागे व्हा!” रेटा आला, पेरीनचा तोल गेला आणि तिची बोटं काचेवर टेकली. नुसती टेकली. पण सकाळी शिदोरी बांधलेले हात ते. काचेवर लोण्याचे ठसे उठले, थेट फरच्या मधोमध. पहारेकऱ्याने शिव्या देत बाही पुढे केली.

“पुसू नका!” मोस्यू व्हारांज ओरडले. “काच घासली की खडू सुटतो! सगळी पावडर काचेला चिकटेल! प्रदर्शन संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही!”

खडू तसा सुटतो, हे खरंच आहे म्हणतात. पण बोलताना साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून मी काय ओळखायचं ते ओळखलं. पुढे मी एकदा मुद्दाम जाऊन पाहून आले. ठसे तसेच होते, चार बोटं एका ओळीत आणि पाचवं जरा बाजूला. चित्र मादामच्या घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी कुणा नोकराने ते पुसले असतील.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही गोंगाट करत जिना उतरलो आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो. सगळ्या एकदम बोलत होत्या. ब्लेझ पेरीनच्या एक पायरी खाली बसला होता आणि तिचा उजवा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला होता, करंगळीसकट.  त्या दिवसाचे शब्द त्याने वर वापरून टाकले होते.

म्हातारी सगळ्यांपासून लांब, काठीवर हनुवटी टेकून.

“भूक लागली,” ती म्हणाली.

 मी शिदोरी पेरीनच्या मांडीवर ठेवली. तिने हात सोडवून घेतला, पान उघडलं. सुरी आणायला मी विसरले होते. तेव्हा तिने पाव मोडला, बोटांनी लोणी उचललं, बोटांनीच पावावर पसरलं, साहेब खडू पसरायचे तसं, कडेपर्यंत, आणि तुकडा पुढे केला.

म्हातारीने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग हाताकडे. मग घेतला. दात नाहीत, त्यामुळे चावायला वेळ लागला. आम्ही सगळ्या तिच्या जबड्याकडे बघत होतो.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.